मैनेचा सूर

पंगतीत शेजारी बसलेल्या एखाद्या अनोळखी बाईंनी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी अगदी गरीब चेहरा करून सांगते, "सरकारी पगारावर लोकांचं रक्त ओढते." बाईंचा घास हातातच राहतो. त्या पाटासकट थोड्या पलीकडे सरकतात. तेवढ्यात जिलबी येते, त्यांच्या वाटणीचीही मी मागून घेते, आणि मग खुलासा करते.

नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. त्यातही प्लास्टिक सर्जरीच्या टेबलावर. त्या काळी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, या नावाने आमच्याकडे फार गंमत व्हायची. प्लास्टिक म्हणजे बादली, मग, कंगवा. ते माणसात कुठे बसवतात हे लोकांना कळेना. आम्ही सांगून थकायचो की बाबांनो, यात प्लास्टिक अजिबात नाही, तुमचंच कातडं इथलं उचलून तिथे लावतात. ते मान डोलावत आणि जाताना हळूच विचारत, "पण उन्हात वितळत तर नाही न, सिस्टर?"

ऑपरेशन म्हणजे कापणं आणि शिवणं, एवढंच बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं. पण कापलं की रक्त येतं, आणि रक्त आलं की सर्जनला समोरचं काही दिसत नाही. ते रक्त ओढून घेऊन जागा मोकळी ठेवायची, याला सक्शन म्हणतात. टेबलाखाली एक मोटर, दोन मोठ्या काचेच्या बाटल्या, लांब रबरी नळी, आणि तिच्या टोकाला धातूची नळी. पोटाच्या ऑपरेशनला ही धातूची नळी बोटाएवढी जाड असली तरी चालतं. आमच्याकडे यायचे फाटलेले ओठ, उघड्या टाळू, जळून चिकटलेल्या पापण्या. तिथे जाड नळी म्हणजे ओल्या रांगोळीवर खराटा.

म्हणून आमच्या सरांनी परदेशातून शिकून येताना स्वतःसाठी एक नळी आणली होती. रफूच्या सुईपेक्षा जराशी जाड, पुढे नाजूक बाक, आणि मुठीजवळ एक बारीक छिद्र. त्या छिद्रावर अंगठा ठेवला की टोक ओढायला लागतं. अंगठा उचलला की हवा छिद्रातून आत शिरते आणि टोक लगेच सोडून देतं. सगळी विद्या त्या अंगठ्यात. रक्ताच्या मागे धावायचं नाही, त्याच्या वाटेवर जाऊन बसायचं, ते आपणहून येतं, हे मला सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. पुढे मी ते घरी भांडणातही वापरून पाहिलं.

त्या नळीचं नाव मी मैना ठेवलं होतं, कारण ती बोलायची. थेंब मिळाला की चिवचिवायची. काही नसलं की बारीक, लांब शीळ घालायची. आणि चुकून मांसाला चिकटली की गप्प व्हायची. ही चुप्पी सगळ्यांत वाईट. नाजूक जागी ती क्षणभर जरी चिकटून राहिली तरी कडा फाटते. सरांचं डोकं मध्ये असायचं, मला आतलं फारसं दिसायचं नाही. मी कानांनी काम करायचे. चिवचिव असेल तर अंगठा खाली, चुप्पी झाली की अंगठा वर.

ऑपरेशन झालं की मैनेला आंघोळ मीच घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाही. आधी थंड पाणी. गरम पाण्यात टाकलं की आतलं रक्त शिजून बसतं आणि नळी कायमची बुजते. मग बारीक तार, पुन्हा थंड पाणी, आणि सगळं स्वच्छ झाल्यावर उकळायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, सूनबाईंनी घरातलं चहाचं गाळणं कधी इतकं मनापासून धुतलं नाही. खरं होतं ते.

या बाटल्यांपायी भांडणंही झाली. काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची मानेवरची जळलेली कातडी सरांनी सोडवली. शुद्धीवर आल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमचं रक्त बाटलीत भरलं होतं. राउंडच्या वेळी त्यांनी मला अडवलं.

"ते माह्यंच होतं न? मंग वापस काहून नाही टाकलं?"

मी समजावलं की त्यात बहुतेक जखम धुतलेलं पाणी होतं.

"बरं, मंग पाणी कोनाचं होतं?" त्यांनी विचारलं.

अशा माणसाने बाजारात किती घासाघीस केली असेल, कल्पना करा.

पण मला सांगायचं आहे ते बापूरावांबद्दल.

बापूराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. उंच, किडकिडीत, मिशा कोरलेल्या. बँडमध्ये क्लॅरनेटवाला म्हणजे राजा, बाकीचे त्याच्या मागे. आणि बापूरावांची एक खास तऱ्हा होती. ते नवरदेवाच्या घोड्यासमोर उलटे चालत वाजवायचे, तोंड घोड्याकडे, पाठ रस्त्याकडे. लोक म्हणे त्यासाठी त्यांनाच बोलवा असं सांगायचे. काटोलच्या एका वरातीत कुणीतरी घोड्याच्या पायाशी फटाक्यांची लड सोडली. घोडा बिथरून पुढे आला, त्याची छाती क्लॅरनेटवर आदळली, आणि तिचं तोंडाकडचं टोक बापूरावांच्या टाळूत घुसलं. जखम भरली, पण टाळूला भोक राहिलं.

टाळूला भोक म्हणजे काय, ते पहा. पाणी प्यायलं की नाकातून येतं. बोललं की शब्द नाकात जातात. सर अशा पेशंटना "पापड" म्हणायला सांगायचे, कारण त्याला तोंडात हवा कोंडावी लागते. बापूराव म्हणाले, "मामड." त्यांची बायको, सुमनबाई, तोंडाला पदर लावून हसली आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. आणि फुंकायचं तर विचारूच नका. गाल फुगवले की सगळी हवा नाकातून बाहेर. क्लॅरनेटमधून नुसता फसफस आवाज.

बँडच्या मालकाने त्यांच्या हातात झांजा दिल्या होत्या. ते दाखल झाले त्या दिवशी मालक स्वतः भेटायला आले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बापू, तुळशीच्या लग्नावरोक वाट पाहतो. तोवर झालं तर तुही जागा तुले. नाही तं त्या नव्या पोराले उभं करतो, झांजा तुह्याच राहतीन." बापूरावांनी मान हलवली. मालक गेल्यावर माझ्याकडे पाहून बापूराव नाकातल्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, झांजा बेकार नाही. पण झांजा वाजवनाऱ्याले कोनी पाह्यत नाही." मला तो आवाज कळायला थोडा वेळ लागायचा, पण हे वाक्य पहिल्या फटक्यात कळलं.

सुमनबाईंची काळजी वेगळी होती. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "बाई, टाळूले पिलास्टिक बसवलं आन् यायनं गरम चहा पेला, तं?"

ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत बापूराव वॉर्डात पडून होते, म्हणजे पडून अजिबात नव्हते. पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांनी गाणी वाजवायचे, तोंड मिटून, आवाजाशिवाय. शेजारचे पेशंट बोटं पाहून गाणं ओळखायचे. त्यावरून पैजा लागायच्या, दुधाच्या कपाच्या. आमचा थिएटरचा अटेंडंट मारोती तर ड्यूटी संपली की तिथेच असायचा. त्याला बापूरावांनी "घोड्याची चाल" शिकवली. वरातीतला घोडा धावत नाही आणि नुसता चालतही नाही. तो मुरडत, तोलून, एकेक पाऊल टाकतो. बँडने त्या पावलावर वाजवायचं. घाई केली की घोडा बिथरतो, रेंगाळलं की करवल्या कंटाळतात. बापूराव दांडीवर ठेका धरायचे आणि मारोती पलंगांच्या मधून मुरडत जायचा. मी दारातून हे पाहिलं, आत जाऊन दोघांना रागावले, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून पोट धरून हसले.

ऑपरेशनच्या दिवशी बापूरावांना टेबलावर घेतलं. भूल देण्याआधी मी नेहमीप्रमाणे मैना वाटीतल्या पाण्यात बुडवून तपासली. ती चिवचिवली, पाणी संपल्यावर तिने शीळ घातली. बापूरावांनी डोळे उघडले.

"सिस्टर, हे कोन गाऊन राहिलं?"

मी नळी दाखवली. त्यांनी कान दिला. "ओढून वाजते काय? आमी फुकून वाजवतो, तुमी ओढून वाजवता. एकच धंदा झाला मंग आपला." मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडावर मुखवटा ठेवला आणि गप्पा संपल्या.

टाळूचं भोक बुजवायचं म्हणजे शेजारचंच टाळूचं अस्तर उचलायचं, एका बाजूने जोडलेलं ठेवून दाराच्या फळीसारखं सरकवायचं आणि भोकावर शिवायचं. हे अस्तर पुन्हा मिळत नाही. फाटलं तर दुसऱ्यांदा झाकायला तिथे काहीच उरत नाही. सरांनी अस्तर उचललं होतं, एका कडेला टाके पडले होते, दुसरी कड मोकळी होती. घशाकडे रक्त उतरत होतं आणि मैना छान बोलत होती. बाहेर भाद्रपदातला पाऊस कोसळत होता.

आणि लाइट गेले.

टेबलावरच्या दिव्याला बॅटरीची सोय होती, तो लगेच लागला. पण मोटर बंद झाली. मैना गप्प झाली. रक्त थांबत नाही, त्याला लाइट गेले हे कळत नाही. अशा वेळेसाठी आमच्याकडे पायाने दाबायचा पंप होता, लोहाराच्या भात्यासारखा, फक्त उलटा, ओढणारा. मी रबरी नळी त्याला जोडायला सांगितली आणि मारोती पंपावर उभा राहिला.

बिचारा घाबरला होता. त्याने पंप असा मारायला सुरुवात केली की जणू मागे कुत्रं लागलंय. मोटरची ओढ एकसारखी असते, पंपाची झटक्याने येते. पहिल्याच झटक्याला मैना अस्तराच्या मोकळ्या कडेला जाऊन चिकटली. चुप्पी. माझा अंगठा उडाला, कड सुटली, फाटली नाही. सर एवढंच म्हणाले, "सिस्टर."

सर रागावले की ओरडत, आणि घाबरले की एक शब्द बोलत. आम्हाला दोन्ही ठाऊक होतं.

पुन्हा झटका आला असता तर बापूराव जन्मभर झांजा वाजवत राहिले असते. "हळू" म्हणून उपयोग नव्हता. हळू म्हणजे किती हळू? मारोतीला समजेल असं काय सांगावं, हे मला त्या क्षणी कसं सुचलं, अजून कळत नाही. मी म्हटलं, "मारोती, नवरदेवाचा घोडा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मास्कच्या आत बापूरावांचा तो ठेका गुणगुणायला लागले. मुरडत, तोलून, एकेक पाऊल. मारोतीचा पाय त्यावर पडला. पाय खाली गेला की ओढ यायची, तेव्हा मी अंगठा अर्धा उचलायचे, पाय वर आला की पूर्ण ठेवायचे. मैना अडखळली, मग बोलायला लागली. थोडी वेगळ्या सुरात, झुलत झुलत. डॉक्टरीणबाईंच्या खांद्यांनीही ठेका धरला होता, त्या आजतागायत नाकबूल करतात. सरांची सुई चालत राहिली. वीज आली तेव्हा शेवटचा टाका पडत होता, आणि मोटर सुरू झाली तरी मारोतीचा पाय थांबेना.

हात धुताना सर नळाकडे बघत म्हणाले, "वरात कुणाची होती, सिस्टर?"

"बापूरावांची, सर."

 त्या दिवशी हात धुवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

नंतरचे दिवस कठीण. फक्त पातळ पदार्थ, कमी बोलणं, आणि फुंकणं तर अजिबात नाही, चहावरसुद्धा नाही. सुमनबाई चहा बशीत ओतून पदराने वारा घालत बसायच्या. बापूरावांनी गाल नुसता हलवला तरी त्या डोळे वटारायच्या.

टाळू भरून आली, दसरा गेला, दिवाळी गेली. तुळशीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा दोघं तपासणीला आले. क्लॅरनेट सुमनबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती. सरांनी बापूरावांच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि म्हणाले, म्हणा.

"पापड."

आरशावर वाफ आली नाही. सुमनबाई मला म्हणाल्या, "बाई, यायले एवढं साफ बोलता येते हे मी विसरूनच गेली होती." मग सर म्हणाले, वाजवा आता.

आम्ही थिएटरच्या बाहेरच्या खोलीत होतो. मारोती आपलं काम सोडून दारात येऊन उभा राहिला. बापूरावांनी क्लॅरनेट ओठांत धरली, गाल फुगवले. हवा आली, सूर आला नाही. पुन्हा फुंकलं. एक चिरका आवाज आला, तोही मध्येच मोडला. टाळू शाबूत होती, सरांनी बॅटरी लावून पाहिली. पण इतके महिने गळती चुकवायची सवय लागलेला घसा हवा पुढे ढकलायलाच तयार नव्हता. बापूरावांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवली आणि तिच्यावरची बोटं एकेक करून उचलली. 

मग ते मला म्हणाले, "सिस्टर, तुमची मैना लावा न जरा."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी थिएटरच्या दाराकडे बोट दाखवलं. मी मोटर ढकलत आणली, मैनेला नळी जोडली, पाण्याच्या वाटीत धरली. ती चिवचिवली. पाणी संपलं आणि तिने ती बारीक, लांब शीळ घातली. बापूराव डोळे मिटून ऐकत होते. मी अंगठा दाबून धरला. त्यांनी क्लॅरनेट उचलली, त्या शिळेच्या खालून, चोरपावलांनी, एक सूर काढला. थरथरता, कच्चा. तो वर सरकला, अजून सरकला, आणि मैनेच्या सुराला जाऊन मिळाला. आता दोन आवाज आहेत की एक, हे कळत नव्हतं. मी अंगठा उचलला. मैना थांबली. सूर चालूच राहिला.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. मारोती रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

त्या हंगामात बापूराव आपल्या जागेवर होते.

पुढे सर दुसऱ्या शहरात गेले. मैना त्यांची स्वतःची होती, ती त्यांच्याबरोबर जाणार हे उघड होतं. शेवटच्या दिवशी मी ती थंड पाण्याने धुतली, तार घातली, उकळली, मऊ कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. सर म्हणाले, तिकडे हिला कोण धरेल कुणास ठाऊक. मी म्हटलं, जे कोण असेल त्याला थंड पाण्याचं सांगा. एवढंच बोलणं झालं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून आम्ही मैनेमार्फतच बोलत आलो होतो, ती गेल्यावर काय बोलणार?

मलाही पुढे बढती मिळाली. बढती म्हणजे टेबलापासून दूर खुर्चीवर बसायचा हुकूम. आता आमच्याकडे सक्शन भिंतीतून येतं, मोटर कुठेतरी तळघरात असते. नव्या नळ्या चांगल्या आहेत, काम चोख करतात. नव्या मुलींचे हातही चांगले आहेत. मी दारात उभी राहून ऐकते तेव्हा मात्र मला नुसती सुरसुर ऐकू येते. मुलींना वाटतं मॅडम तपासणीला आल्या, त्या ताठ उभ्या राहतात. मी खोटंच काहीतरी सांगते, ग्लोव्हज नीट ठेवा वगैरे, आणि परत फिरते.

मागच्या लग्नसराईत संध्याकाळी धरमपेठेत भाजी घेऊन येत होते. एक वरात आडवी आली. रस्ता अडला, स्कूटरवाले भोंगे वाजवायला लागले, आणि मी वैतागून बाजूला उभी राहिले. बँडच्या पुढे एक उंच, किडकिडीत म्हातारा क्लॅरनेट वाजवत होता. मिशा पांढऱ्या, पण कोरलेल्या. आणि उलटा चालत होता, तोंड घोड्याकडे. त्याच्या मागे, म्हणजे खरं तर पुढे, सुमनबाई चालत होत्या, त्याच्या कोटाचं टोक धरून, खड्डा आला की ओढत. "इकडं सरका न. घोड्याले काय पाह्यता, त्यानं एकदा पाह्यलं न तुमाले."

बापूरावांनी मला पाहिलं नाही असं मला वाटलं. वरात माझ्यासमोर आली, आणि गाणं मध्येच थांबलं. मागचा बँड गोंधळला, ढोलवाला थबकला. बापूराव माझ्याकडे वळले आणि त्यांनी एकच सूर धरला. बारीक, लांब, वाटीतलं पाणी संपल्यावर निघायचा तोच. वऱ्हाडी मंडळींना वाटलं वाद्य बिघडलं. नवरदेव घोड्यावरून वाकून बघायला लागला. सूर संपेचना.

माझ्या हातात भाजीची पिशवी होती. तिच्या बंदावरचा माझा अंगठा आपोआप दाबला गेला होता. मी तो उचलला.

बापूराव थांबले, मान लववली, आणि घोड्याच्या चालीवर पुढे निघून गेले.